आत एक, वर एक

१

आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर पत्रे घालणारा म्हातारा मिस्त्री वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्याच घराच्या मागच्या अंगणात मरून पडलेला सापडला. डोक्याला मार होता, शिडी भिंतीला टेकलेली होती आणि छतावरचे तीन पत्रे जागेवर नव्हते. पोलिसांच्या अंगावर त्या दिवशी अख्खं शहर कोसळलं होतं. त्यांनी बघितलं, लिहिलं आणि ते पुढच्या घरी गेले.

मी गेलो तो त्यानंतर आठवड्याने, विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून. माझं काम साधं आहे. छतावर चढायचं, काय मोडलंय ते बघायचं आणि ते वाऱ्याने मोडलं की आधीपासूनच मोडकं होतं ते ठरवायचं. वादळानंतर लोकांची स्मरणशक्ती फार सुधारते. मेल्या म्हशीला मणभर दूध, या हिशेबाने उडालेला प्रत्येक पत्रा गेल्याच महिन्यात बसवलेला असतो आणि भिजलेली प्रत्येक गादी नवीकोरी असते. पहिल्या काही घरांत मला हसू येतं, मग राग येतो, आणि मग काहीच येत नाही. त्या आठवड्यात मला काहीच येत नव्हतं. लोक समोर रडत होते आणि मी भिंतीची ओल मोजत होतो. बायको म्हणाली, "तुम्हाला जेवलात का विचारलं, तर फोटो काढलेत का म्हणून विचारता." तिचं खरं होतं.

मिस्त्रीच्या घरून दोन दावे आले होते. एक छताचा आणि दुसरा मिस्त्रीच्या मृत्यूचा. घरमालक वादळामुळे गेला तर कंपनी वेगळी रक्कम देते. सगळं अडलं होतं ते 'वादळामुळे' या एका शब्दावर.

दार मुलाने उघडलं. अंगापिंडाने भरलेला, पायात पॉलिश केलेले बूट, बँकेत नोकरी. घरात त्याला सगळे दादा म्हणत. त्याने न विचारताच सगळं सांगून टाकलं, तेही पाठ केल्यासारखं.

"दुपारी वादळ आलं साहेब. एक पत्रा तेव्हाच उडाला. संध्याकाळी वारा चालूच होता. बहिणीच्या पलंगावर पाणी गळायला लागलं, आणि ड्यूटीला जाता जाता ती बाबांना बोलली. बाबांना राहवलं नाही. तशा वाऱ्यात वर चढले, पत्र्यांवर वजन ठेवायला. मी डोकेदुखीची गोळी घेऊन झोपलो होतो. सकाळी शिंपीकाकांनी हाक मारली तेव्हा कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिला काही बोलू नका. तिच्यामुळेच गेले ना, ती आधीच कोलमडलीय."

बहिणीला कशातलं काय आणि किती सांगायचं, हे या माणसाने नीट ठरवलेलं दिसत होतं.

धाकटी तिच्या खोलीत होती. हॉस्पिटलात नर्स. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध घेतलेला, त्याच्या कडेला एक उंच स्टूल. मी त्या स्टुलावर टेकलो.

"हे स्वयंपाकघरातलं आहे," ती म्हणाली. "इथे कसं आलं कोण जाणे. मी आले तेव्हा इथेच होतं. पलंगही असाच होता."

"तुम्ही त्या संध्याकाळी वडिलांना काय म्हणालात?"

"म्हणाले, बाबा, माझ्या अंथरुणावर गळतंय. ते म्हणाले, वारा पडू दे, सकाळी बघू. मी म्हणाले, सकाळपर्यंत गादीचा चिखल होईल. तेवढंच बोलले आणि गेले." दुसऱ्याच कुणाच्या तब्येतीची नोंद वाचून दाखवावी तसं ती बोलत होती. डोळे कोरडे होते. "मग गेले असतील वर. माझ्यासाठीच."

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीत एक लोखंडी हुक ठेवला होता.

"हा?"

"गादीच्या घडीत सापडला. बाबांचा म्हणून ठेवलाय."

मी तो हातात घेतला. या घराचे पत्रे लोखंडी पाइपांवर बसवलेले होते. प्रत्येक पत्रा असल्या हुकांनी धरलेला असतो. हुकाची वाकडी बाजू आतून पाइपाला मिठी मारते, सरळ दांडी पत्र्यातल्या भोकातून वर निघते आणि वरून वायसर घालून नट आवळतात. वारा पत्रा उचलतो तेव्हा ही मिठी सुटते, पण सहजासहजी नाही. हुक ओढून ओढून सरळ होतो. आठवडाभर मी असले सरळ झालेले हुकच बघत होतो.

हा मात्र कारखान्यातून आला तेवढाच वाकडा होता. वाऱ्याने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. कुणीतरी वरून नट काढला होता, आणि हुक खाली तिच्या गादीवर पडला होता.

२

शेजारचा शिंपी एका पायाने अधू. शिडीचं नाव काढलं तरी घाबरेल असा. सकाळी फिरून येताना अंगणाच्या फाटकातून त्यालाच मिस्त्री दिसला होता.

"मीच उचलला हो त्याला," तो म्हणाला, आणि मशीन थांबवून त्याने डोळे पुसले. "शर्ट मीच शिवलेला. चांगला जाड सुती. बाहीला डांबर लागलं होतं, दोन बोटांनी पुसल्यासारखं. ते काही निघायचं नाही आता. पाठ चिखलाने भरलेली, पण पुढून कापड कसं खडखडीत कोरडं. मी म्हटलं, मरतानासुद्धा शर्ट सांभाळला याने."

"खिशात काही होतं?"

"डांबराची डबी आणि पाना. हॉस्पिटलवाल्यांनी पिशवीत घालून परत दिलं ते."

म्हातारा रडत होता आणि त्याला वाटत होतं की तो शर्टाबद्दल बोलतोय. मी त्याला तसंच वाटू दिलं.

परत आलो तर अंगणात ठेकेदार उभा होता. मिस्त्रीच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःची माणसं बाळगून असलेला. वादळ झालं की हा मोटारसायकल काढतो आणि दारोदार कार्ड वाटत फिरतो. भिंतीला टेकवलेल्या दोन पत्र्यांकडे मी बघत होतो. तिसरा शेजारच्या भिंतीवर पिळून पडला होता, त्याची भोकं फाटून लांबट झालेली. या दोघांची भोकं बांगडीसारखी गोल होती.

"तुम्ही बघताय तेच मी बघितलं," ठेकेदार म्हणाला. "हे वाऱ्याने काढलेले नाहीत."

"मग कुणी?"

"मी कशाला बोलू?" असं म्हणून तो बोललाच. "हे बघा साहेब, अर्ध्याच्या वर छत गेलं की तुम्ही अख्खं छत देता. हे मी सगळ्यांना सांगतो, लपवत नाही. यांच्याकडेही आलो होतो त्या संध्याकाळी."

"मिस्त्रींना सांगितलंत?"

"उस्तादांना? असलं बोलायची कुणाची टाप होती? त्यांनी पाना फेकून मारला असता. ते आतल्या खोलीत होते. मी दारात बोललो. दोघं भावंडं ऐकत होती." त्याने कार्डांचा गठ्ठा खिशात टाकला. "पण माणूस म्हातारा होतो, पैशाची ओढ लागते. ऐकलं असेल आतून. पत्रे इतके नीट उतरवून भिंतीला कोण लावतं? हात तर त्यांचेच होते वाकबगार. स्वतःच सोडायला गेले असतील, आणि गेला तोल. झाकली मूठ राहू द्या साहेब, मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. हा भांडं वाजवत येणारा होता. पण हिशेब जुळत होता. डांबर, पाना, गोल भोकं, वाकडा हुक. दावा फेटाळायला एवढं बास होतं, आणि मी फोटो काढायला मोबाइल वर धरला.

मागच्या दारात धाकटी उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"म्हणजे बाबांनी चोरी केली?" तिने विचारलं.

३

मी मोबाइल खिशात टाकला. अजून वर चढलो नव्हतो, आणि वर चढल्याशिवाय मी कुणालाच काही सांगत नाही. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खिडकीच्या गजांना बांधून घेतलं आणि शिडी लावली.

शिडी चढता चढता एक दिसलं. एका पत्र्याची कड बाकीच्यांपेक्षा वीतभर खाली लोंबत होती. वाऱ्याने सरकला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मन बधिर झालं की डोळे बघतात पण विचारत नाहीत.

पत्र्याच्या छतावर चालायची एक रीत आहे. नटांच्या ओळीवरूनच पाय टाकायचा, कारण खाली तिथेच पाइप असतो. मधे पाय पडला की पत्रा दबतो आणि पोचा कायमचा राहतो. जन्मभर हे काम केलेला माणूस झोपेतसुद्धा ओळ सोडत नाही. ठेकेदारही सोडणार नाही, त्याची रोजीरोटी आहे ती.

इथे शिडीपासून मोकळ्या झालेल्या जागेपर्यंत पोचेच पोचे होते. पत्र्यांच्या ऐन मधोमध, खोल आणि मोठे. कुणीतरी जड माणूस, बूट घालून, सरळ रस्त्यावरून जावं तसा गेला होता आणि आला होता.

बुटांच्या पोच्यांचे मी फोटो काढले. मग पुढचा पत्रा बघितला. हा धाकटीच्या पलंगाच्या बरोबर वरचा. त्याचे नट घट्ट होते आणि प्रत्येक नटाच्या भोवती डांबर भरलेलं होतं. ताजं, काळंभोर, बोटाने गोल फिरवून बसवलेलं. पाणी आत झिरपू नये म्हणून जाणता मिस्त्री हे करतोच. एकच भोक रिकामं होतं. धाकटीकडून मागून घेतलेला खिडकीतला हुक मी खिशातून काढून बघितला. तो तिथलाच होता.

आणि डांबर ओल्यावर चिकटत नाही. पत्रा खडखडीत कोरडा लागतो. वादळाच्या संध्याकाळी हे डांबर लावणं देवालाही जमलं नसतं.

म्हणजे मिस्त्री वर आला तो सकाळी, ऊन पडल्यावर. आणि पत्रे सोडायला नाही, बसवायला. इतके दिवस काही न वाटलेल्या माझ्या छातीत तेव्हा काहीतरी हललं. ते काय होतं, ते नीट बघायला वेळ मिळाला नाही.

कारण मी नटांच्या ओळीवरून पुढच्या पत्र्यावर पाय टाकला. तोच तो खाली लोंबणारा पत्रा. त्याचेही नट जागच्या जागी, वायसरसकट बसलेले दिसत होते. मी त्यांच्यावर भरवसा ठेवून पूर्ण वजन दिलं, आणि पत्रा माझ्यासकट अंगणाकडे निघाला.

४

दोराने मला धरलं. पत्रा हातभर घसरून शेजारच्या नटाला अडकला आणि थांबला. मी पोटावर पडून श्वास मोजत राहिलो. आवाज ऐकून फाटकाशी आलेला शिंपी खाली ओरडत होता. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते या धंद्यात मला प्रथमच कळलं.

उतरलो तो सरळ धाकटीच्या खोलीत गेलो. ती मागे आली, दादाही आला. मी स्टुलावर उभा राहून वर बघितलं. सरकलेल्या पत्र्याचे हुक पाइपाला धरून नव्हतेच. नट सैल करून, हुक फिरवून कुणीतरी मिठी सोडवून ठेवली होती. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसावं आणि खाली मात्र सगळे हुक हवेत लोंबत राहावेत, असं.

"ताई," मी म्हणालो, "तुमचे बाबा त्या वाऱ्यात वर गेलेच नाहीत. ते तुम्हाला म्हणाले तसेच वागले. वारा पडू दिला आणि सकाळी बघितलं. त्यांचा शर्ट पुढून कोरडा होता, आणि त्यांनी लावलेलं डांबर पत्र्याला चिकटलंय. वाऱ्याने एकच पत्रा नेला. दोन कुणीतरी उतरवले, ज्याला छतावर चालता येत नाही अशा माणसाने. आणखी एकाचे नट काढले तेव्हा हुक तुमच्या गादीवर पडले. बाबांनी ते गोळा केले आणि तो पत्रा परत बसवला. ते चोरी करत नव्हते. ते दुसऱ्याची चोरी परत जागेवर ठेवत होते."

तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्यावर नव्हती. ती वर, ताज्या बसवलेल्या हुकांकडे बघत होती. लहानपणापासून बघितलेली गोष्ट माणूस बघतो तशी.

"मी आत उभी राहायची," ती हळूच म्हणाली. "बाबा वर असायचे. दादाचा अभ्यास असायचा, त्याला ते छतावर चढूच द्यायचे नाहीत. तू पुस्तकं धर म्हणायचे. मग स्टुलावर मी. बाबा वरून म्हणायचे, धर. मी आतून हुक पाइपाला लावून धरायची आणि ते वरून नट आवळायचे. सोडलं की हुक फिरतो. एकट्याने होतच नाही ते. त्याला दोघं लागतात."

"हो," मी म्हणालो.

"मी हॉस्पिटलात होते."

"हो."

"शिंपीकाका स्टुलावर चढू शकत नाहीत. आणि आमच्या स्वयंपाकघरातून स्टूल आणायला बाहेरचं कोण येणार?" तिने मान वळवली. "दादा, आत कोण होतं?"

दादा भिंतीला टेकला. अंगावरचं सगळं भरलेपण एकदम रिकामं झाल्यासारखा तो दिसला.

"मी उजाडता उजाडता चढलो," तो म्हणाला. "ठेकेदार म्हणाला होता ना. दोन पत्रे काढले, बाकीचे सोडवून ठेवत होतो. भराभर ओढून टाकू म्हटलं. हुक खाली पडल्याच्या आवाजाने बाबा उठले. त्यांनी मला खाली बोलावलं. शिव्या दिल्या नाहीत. नुसतं म्हणाले, तुला वर कुणी पाठवलं, तुला चालता येत नाही, पडला असतास म्हणजे? मग म्हणाले, चल, तू आत उभा राहा, मी बसवतो. पोरगी दमून येईल, तिच्या अंथरुणावरचं आधी."

"पुढे?"

"वर जायच्या आधी त्यांनी विचारलं, अजून कुठे हात लावलास?" तो वर हुकांकडे बघत बोलला. "मी म्हणालो, कुठेच नाही. आधीच इतकी लाज वाटत होती. म्हटलं, ते कामावर गेले की मी हळूच आतून फिरवून टाकेन. एक पत्रा झाला. मग त्यांनी पाय पुढे टाकला, आणि..."

बाकीचं सांगायची गरज नव्हती. नट जागेवर दिसले म्हणजे पत्रा धरलेला आहे, हा मिस्त्रीचा जन्मभराचा विश्वास. आणि पोरगा नाही म्हणाला म्हणजे नाही, हा दुसरा. दोन्हींवर एकदमच पाय पडला.

"आणि मला सांगितलंस माझ्यामुळे गेले," धाकटी म्हणाली.

"तू बोललीच होतीस ना गळतंय म्हणून. मी अगदी खोटं नाही..." तो तिथेच थांबला. स्वतःचंच बोलणं त्याला ऐकू आलं असावं.

मला वाटलं होतं ती किंचाळेल, त्याला मारेल. मला तर त्याला मारावंसं वाटत होतं, आणि आठवड्याभरात पहिल्यांदाच काहीतरी इतकं स्पष्ट वाटत होतं. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, खरं ते लिहा. वादळामुळे नाही, असं लिहा. पोलिसांकडे तो स्वतः जाईल. आज संध्याकाळीच. जाशील ना?"

दादाने मान हलवली.

"तुमचा दोर थोडा वेळ देता?"

मला ती काय करणार ते कळलं नाही. ती चपला काढून मागच्या दाराने बाहेर पडली, पिशवीतली डांबराची डबी आणि पाना घेऊन. मी दोर तिच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा तपासली आणि शिडी धरून उभा राहिलो. ती वर गेली आणि नटांच्या ओळीवरून चालायला लागली. अनवाणी, आवाज न करता, मधे एकदाही पाय न टाकता. सरकलेल्या पत्र्याच्या अलीकडे येऊन ती थांबली.

"दादा," तिने वरून हाक मारली, "स्टुलावर चढ."

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"आता सांग. अजून कुठे कुठे हात लावलास?"

मग छताच्या खालून दादाचा आवाज आला. तो एकेक पत्रा सांगत होता. न्हाणीवरचा. त्याच्या शेजारचा. बाबांच्या खाटेवरचा. ती त्या त्या पत्र्याजवळ जाऊन वाकून बघत होती आणि प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होती. संपलं तेव्हा ती पलंगावरच्या पत्र्याकडे परत आली. मी शिडीवरून हात लांबवून खिडकीतला तो हुक तिच्याकडे दिला आणि तिने तो शेजारच्या उघड्या जागेतून खाली दादाच्या हातात सोडला.

"धर," ती म्हणाली.

मी शिडीवर आणखी दोन पायऱ्या चढून बघितलं. नट आवळून झाला होता. तिने बोटावर डांबर घेतलं होतं, पण ती ते लावत नव्हती. सकाळपासून ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि ती बाहीने त्या नटाभोवतीचा पत्रा पुसत होती. पुसला की पुन्हा ओला होत होता. ती पुन्हा पुसत होती, आणि खाली दादा हुक धरून उभा होता.